पीएच.डी.साठी घर तारण ठेवायला लावणारा मेसेज

‘साथरोगशास्त्र (रोगांचा प्रसार आणि कारणे यांचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकी (आरोग्यविषयक संख्याशास्त्र) या विषयांत अमेरिकेत पीएच.डी. फक्त डॉक्टरांना करता येते. फुल फंडिंग ही निव्वळ थाप आहे. म्हणून आधी कर्ज काढून एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करा. आणि तसेही करोनानंतर या विषयाला कोणी विचारत नाही.’ या आशयाचा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे पोहोचला आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या भाचीसाठी मेहुणे राहता फ्लॅट तारण ठेवायची चौकशी बँकेत करून आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डॉक्टरांचा मुद्दा निदान मुंबईकराने तरी पुढे पाठवायला नको होता. १८९७ साली भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगच्या लशीची चाचणी घेणारे हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला उभी आहे, ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या १९५० च्या अभ्यासातले ब्रॅडफर्ड हिल यांची पदवी अर्थशास्त्राची होती. जैवसांख्यिकीचे विभाग तर अर्जदाराचे कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित पाहतात.

खरा घातक मुद्दा फंडिंगचा आहे. प्राध्यापकाला संशोधनासाठी जे अनुदान मिळते, त्यातच विदेचे (डेटाचे) विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याचे मानधन धरलेले असते. शिवाय एमपीएचच्या वर्गांना प्राथमिक जैवसांख्यिकी शिकवायला, त्यांच्या गृहपाठाच्या वह्या तपासायला विभागाला माणसे लागतातच. या कामाच्या बदल्यात शिक्षणशुल्क माफ होते, दरमहा स्टायपेंड मिळतो आणि बहुतेक ठिकाणी आरोग्यविमाही. हे थाप वाटणाऱ्यांनी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो आय-२० फॉर्म एकदा नीट पाहावा. त्यात एका बाजूला वर्षाचा अंदाजे खर्च छापलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला पैसा कुठून येणार ते. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या रकमेसाठी तिथे स्वतंत्र ओळच असते. थापेसाठी सरकारी फॉर्मवर कोणी रकाना ठेवत नाही.

मेसेजमधल्या फंडिंगच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेही सांगणे भाग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची टी-३२ ही प्रशिक्षण-अनुदाने तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतात, त्यामुळे आपल्या मुलांसाठी जागा कमी होतात. साथरोगशास्त्रात काही विभाग पूर्ण हमी देत नाहीत. म्हणून प्रवेशपत्रात किती वर्षांची हमी आहे, उन्हाळ्याच्या महिन्यांत पैसे मिळतात का आणि विमा कोण भरतो, हे तपासल्याशिवाय होकार देऊ नये.

पण त्यावरून ‘आधी कर्ज काढून एमपीएच’ हा सल्ला निघत नाही. ती बहुतांशी स्वखर्चाची व्यावसायिक पदवी आहे, आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला जैवसांख्यिकीच्या पीएच.डी.साठी तिची मुळीच गरज नाही. असा सल्ला देणारा त्या कर्जाचे हप्ते फेडणार आहे का?

करोनाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. क्षयरोग, मधुमेह आणि कर्करोग करोनाबरोबर गेलेले नाहीत, आणि औषधांच्या चाचण्या संख्याशास्त्रज्ञांशिवाय होत नाहीत.

शिवाय परदेशी जाणे हाच एक मार्ग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी लोकसंख्याविज्ञान संस्था देवनारलाच आहे, आणि नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हा आकडा त्या मेसेजमध्ये कुठेही नाही.