ती 'अपाचे लग्नप्रार्थना' अपाचेंची नव्हे

कुणाच्या लग्नाचा वाढदिवस आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रार्थना हमखास येते. आता तुम्हांला पाऊस लागणार नाही, कारण तुम्हीच एकमेकांचा आडोसा. थंडी नाही, एकटेपणा नाही. माणसे दोन, आयुष्य एक. खाली टीप : 'अमेरिकेतले अपाचे आदिवासी शेकडो वर्षे लग्नात हीच प्रार्थना म्हणतात.'

'शेकडो वर्षे' आधी खोडू. या ओळींचे मूळ १९४७ च्या 'ब्लड ब्रदर' या इंग्रजी कादंबरीत आहे. लेखक एलियट अर्नोल्ड, अपाचे नव्हे. चिरिकाहुआ अपाचेंचा प्रमुख कोचीस आणि टॉम जेफर्ड्स हा गोरा माणूस यांची मैत्री खरी होती. कादंबरीतले जेफर्ड्सचे अपाचे मुलीशी लग्न मात्र लेखकाने रचलेले. १९५० मध्ये या कादंबरीवरून 'ब्रोकन अ‍ॅरो' हा हॉलिवूडचा चित्रपट निघाला.

'लग्नात म्हणतात' हेही जमत नाही. जुन्या चिरिकाहुआंत लग्नाला विधी असा जवळजवळ नसेच. मुलाकडचे घोडे वगैरे भेट पाठवत. मुलीच्या घरच्यांनी ती ठेवून घेतली, की ठरले. मग तिच्या आईच्या घराजवळ नवी विकीअप उभी राही. विकीअप म्हणजे वाकवलेल्या काठ्यांवर गवत-झावळ्या घातलेली घुमटी. ती बांधणे बायकांचे काम. म्हणजे जावई सरळ घरजावईच! शिकार करायची ती सासरच्यांसाठीही, आणि सासू समोरून आली तर तोंड चुकवायचे. ही भांडणाची नव्हे, आदराची रीत. सासरच्या माणसांशी बोलायला भाषेत वेगळे आदरार्थी रूपही आहे. 'अहो-जाहो' करणाऱ्यांना हे सांगायला नको. अशा गोतावळ्यात 'तुम्ही दोघेच एकमेकांचा आडोसा' कुठे बसवणार? आडोसा आईच्या अंगणात असायचा.

'हा त्यांचा सर्वांत मोठा मंगल क्षण' असेही काही फॉरवर्डांत असते. तो क्षण वेगळाच आहे : मुलगी वयात येते तेव्हाचा. आपल्याकडेही न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवत, पण अपाचेंचा सोहळा चार दिवस चालतो. त्या दिवसांत मुलगी म्हणजे साक्षात 'श्वेतवर्णांकित स्त्री', त्यांची आदिमाता. तिच्यावर पाणकणसाचे पिवळे पराग टाकतात, गायक रात्र-रात्र गातात, ती नाचते, पहाटे पूर्वेकडे धावते. डोंगरातल्या देवांचे मुखवटे घातलेले नर्तक आगीभोवती येतात. आणि आशीर्वाद नुसता तिला मिळत नाही. लोक तिच्याकडून घ्यायला रांग लावतात. न्यू मेक्सिकोत मेस्कलेरो अपाचेंकडे हा सोहळा आजही ४ जुलैच्या आसपास भरतो.

राहिला नेहमीचा प्रश्न : 'शब्द सुंदर आहेत ना, मग काय बिघडले?' १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने आदिवासींचे धार्मिक नाच आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरवले. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा यायला १९७८ उजाडले. कोचीसचेच चिरिकाहुआ १८८६ ते १९१३ अशी २७ वर्षे युद्धकैदी होते, बायका-पोरांसकट. ज्यांची खरी गाणी बंद पाडली, त्यांच्या तोंडी कादंबरीतली घालून ती 'त्यांची परंपरा' म्हणून वाटायची, हे मला तरी खटकते.

ओळी आवडत असतील तर खुशाल पाठवा. फक्त खाली 'अपाचे' खोडून 'एलियट अर्नोल्ड' लिहा.