परदेशातून : नर, नारी आणि चपात्या

नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून फिरून येतो : विलायतेतलं चर्च मुलग्यांना मुली बनवायला निघालंय. मी ऑक्सफर्डशायरमध्ये राहते, त्यामुळे लगेच विचारणा होते, "काय गं ताई, तुमच्याकडे हे काय चाललंय?"

चाललंय ते असं. 2017 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या शाळांमधली चिडवाचिडवी थांबवण्यासाठीची मार्गदर्शिका नव्याने काढली. लहान मुलाने खेळताना राजकन्येचा मुकुट घातला काय नि बंबवाल्याचं हेल्मेट घातलं काय, मोठ्यांनी शेरे मारू नयेत, असं तिच्यात होतं. तेवढ्यावर पेपरांनी रान उठवलं. पुढच्या वर्षी बिशपांनी सांगितलं, की लिंगबदल केलेल्यांच्या स्वागतासाठी नवा विधी नको, बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, विश्वासाची पुन्हा कबुली देण्याचा आहे तोच विधी वापरा. त्यावरही दोन तट पडले.

'नर व नारी अशी ती निर्माण केली' हे बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातलं वचन इथेही पुढे केलं जातं, तिथेही. त्याचं वजन मी कमी लेखत नाही. अल्पवयीन मुलांना लिंगबदलाची औषधं देताना दहादा विचार करावा, हेही मला पटतं. पण चपात्या कोणी लाटायच्या, हे त्या वचनात कुठे आहे? आपल्या प्रीतिभोजनाला, म्हणजे चर्चच्या सामुदायिक जेवणाला, महिला मंडळ पहाटेपासून कांदे चिरतं आणि कमिटीचे भाऊ खुर्च्या मांडून झाल्या की बाहेर राजकारणावर बोलत उभे राहतात. एखादा पोरगा पोळपाट घेऊन बसलाच, तर 'बायल्या' ठरतो. बायबलमध्ये याकोब तंबूत राहून डाळ शिजवतो आणि आशीर्वाद त्यालाच मिळतो, त्याच्या शिकारी भावाला, एसावाला नाही. दबोरा ही बाई न्यायनिवाडा करते. पुनरुत्थित येशू तर किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो.

आणि 'आपली संस्कृती' म्हणून जे आपण जपतो, त्यातलं बरंचसं इथूनच गेलंय! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली वाँटेजला झाला, माझ्या घरापासून जवळच. पुढे चेल्टनहॅमला असताना त्या मुलग्यांना शिकवणार म्हटल्यावर बिशप आडवे आले : बाईने पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानात शोभणार नाही म्हणे. रमाबाईंनी रोखठोक कळवलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती इंग्रज घेतात याचं नवल वाटतं. त्याच चर्चने 1994 मध्ये पहिल्या स्त्रिया पुरोहित केल्या आणि 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर केलं.

रोमचं, म्हणजे कॅथलिक चर्चचं, धोरण बरंच कडक आहे. 2024 च्या दस्तऐवजात व्हॅटिकनने जेंडर थिअरीवर, म्हणजे स्त्री-पुरुष ही ओळख शरीरावरून ठरत नाही या विचारावर, सडकून टीका केली. पण त्याच रोमने 2023 मध्ये सांगितलं होतं, की मंडळीत गोंधळ माजणार नसेल, तर लिंगबदल केलेल्या व्यक्तीला बाप्तिस्मा देता येईल.

म्हणून मागच्या फॉरवर्डखाली मी एवढंच विचारलं : आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसतात, रविवारी एखादी तृतीयपंथी व्यक्ती उपासनेला आली, तर तिला कुठे बसवणार? कमिटीपैकी कोणी उत्तर दिलं नाही. पाळकसाहेबांनी हात जोडलेला इमोजी टाकला.