चावीचं वाक्य मागे घेतो, पावतीचं नाही

काका, तुम्ही निवृत्त ट्रॅफिक हवालदार, म्हणून 'पोलिसानं गाडी अडवली तर काय करावं' या विषयावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'चार कलमं पाठ करून पोरं चौकात वकिली करतात आणि शिव्या खातो उन्हात उभा असलेला शिपाई,' असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. 'चावीला हात लावू देऊ नका' हे माझं वाक्य तर साफ चुकलं. त्यातून फक्त झटापट होईल. चावी काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात मला कुठे दिसत नाही, पण त्याचा निकाल चौकात लागत नसतो. बक्कल नंबर (गणवेशावरचा पोलिसाचा क्रमांक) लक्षात ठेवावा, नंतर लेखी तक्रार करावी. लेखात तसा बदल केलाय.

पण 'लायसन द्यावं आणि मुकाट्यानं मिटवावं' इथे आपलं जमत नाही. 'मिटवणं' म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू!

गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की लायसन दाखवायलाच हवं, कलम १३०. त्यावर वाद नाही. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधलं लायसनही चालतं (गॅलरीतला फोटो नव्हे, पोरं तिथेच फसतात). माझ्या भाच्याला मात्र 'मोबाइलमधलं चालत नाही, ओरिजिनल काढ' म्हणत अर्धा तास उभं केलं. दोनशे रुपयांत सुटला. पावती नाही. नियम ठाऊक असता तर त्यानं भांडण केलं नसतं, फक्त 'साहेब, मशीनवर चलन करा' म्हणाला असता. चूक असेल तर दंड सरकारजमा होऊ दे की.

तसंच लायसन ठेवून घेतलं तर. कलम २०६ प्रमाणे त्याची पोचपावती द्यावी लागते, आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर, त्या कागदावर गाडी चालवता येते (२०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेग, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा काही गुन्ह्यांत मात्र नाही). हे किती जणांना माहीत असतं?

हो, एक गोष्ट तुमच्या बाजूची. 'मी मशीनमध्ये फुंकणार नाही, माझा हक्क आहे' म्हणणाऱ्यांनी कलम २०३ वाचावं. प्यायल्याचा रास्त संशय असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. हे मूळ लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

आता एक विचारतो. तुमच्या ड्युटीच्या काळात पोचपावतीचं पुस्तक खरंच सोबत असायचं का? की संपलेलंच असायचं? सविस्तर लिहा. शब्द न बदलता लेखाखाली टाकतो.