धाकाशिवायची नीती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नास्तिकपणा पाश्चात्त्यांकडून आला, आपले चार्वाक म्हणजे ऋण काढून तूप पिणारे, आणि देवाचा धाक नसेल तर माणूस नीट वागेल कशाला, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी रशियाचाही दाखला दिलाय.

बुद्धाच्या काळातला अजित केशकंबली घ्या. परलोक नाही, यज्ञाला फळ नाही, मेल्यावर देह महाभूतांत मिसळतो, हे त्याचं मत दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात नोंदलेलं आहे. तेव्हा कुठला युरोप आणि कुठलं काय! आपल्या आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचले होते, हे खरं. पण वाचलेलं पटलं तर ते आपलंच होतं. तुपाचा श्लोक मुख्यतः चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळे लोकांच्या तोंडी बसला, आणि तो ग्रंथ वेदान्त्याचा. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकमताच्या लोकांचे, मूळ ग्रंथ उरलेच नाहीत. विरोधकाच्या साक्षीवर त्यांना चैनी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

धाकाचा मुद्दा मात्र मनाला लागला, कारण मला आंध्रातले गोरा आठवले. गोपराजू रामचंद्र राव, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी १९३३ मध्ये कॉलेजातली नोकरी गेली. १९४० मध्ये त्यांनी पत्नी सरस्वती यांच्यासह मुदुनूर गावी नास्तिक केंद्र काढलं. पुढे ते विजयवाड्याला हललं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : अस्पृश्यता ना देवाची इच्छा, ना पूर्वजन्मीचं फळ, माणसांनी ती लादली, तेव्हा ती माणसांनीच मोडायची. म्हणून सहभोजनं, म्हणून वस्तीवस्तीत काम.

१९४१ मध्ये गांधीजींनी त्यांना भेट नाकारली होती. नास्तिकता म्हणजे आत्म्याचाच नकार, असं कळवलं होतं. पण पुढे त्याच गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतलं, तासन्‌तास ऐकलं. ब्राह्मण घरात जन्मलेल्या गोरांनी आपल्या मुलीचं, मनोरमाचं, लग्न अर्जुन राव या दलित तरुणाशी ठरवलं, तेव्हा ते आश्रमात लावायला गांधीजी तयार झाले. विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायचं, हेही त्यांनी मान्य केलं. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामलाच लागलं.

नरकाची भीती नाही, स्वर्गाची आशा नाही, वर जातवाल्यांचा रोष. तरी या माणसांनी हे केलं, कारण समोरच्याचा अपमान त्यांना सहन होत नव्हता. धाकाने माणूस फार तर चोरी टाळेल. जातीबाहेर मुलगी द्यायचं बळ धाकातून येताना मी तरी पाहिलेलं नाही.

रशियाबद्दल तुमचं बरोबर आहे. स्टालिनच्या राजवटीत चर्च पाडली गेली, असंख्य धर्मगुरू मारले गेले, आणि हे नास्तिक म्हणवणाऱ्या सत्तेने केलं. त्याचा निषेध मी तुमच्याइतक्याच जोराने करतो. सक्तीने देव लादणं मला मान्य नाही, तसंच सक्तीने तो हिरावून घेणंही.