फेरिझायची नर्स जर्मनीला गेली, तर खर्च कुणाचा?

वादाला तोंड फोडलं वकिलाने. "ठाणे जिल्ह्याहून लहान देश हा लक्झेंबर्ग, आणि आग्नेय युरोपातल्या कोसोवोत, फेरिझाय शहरात, प्रशिक्षण केंद्र बांधून नर्सिंगचं शिक्षण उभं करतोय. शिकलेल्या पोरी जातात जर्मनीला. म्हणजे पैसे पाण्यातच ना?"

मास्तर उसळले. "पाण्यात कसे? राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ १ टक्का विकासमदतीला देणारे देश आहेत किती? संयुक्त राष्ट्रांचं ०.७ टक्क्यांचं उद्दिष्ट १९७० चं आहे, बहुतेक श्रीमंतांना अजून गाठता आलेलं नाही. आणि लक्झेंबर्ग देतो ते बहुतेक अनुदान, कर्ज नव्हे."

"पैसा कुठला, तेही सांगा," वकील म्हणाला. २०१४ मध्ये फुटलेली कागदपत्रं त्याने काढली. बड्या कंपन्यांना लक्झेंबर्गने करात दिलेल्या सवलती त्यात उघड झाल्या होत्या. मुद्दा खरा आहे, तो झटकून चालणार नाही. पण त्यामुळे फेरिझायचं प्रशिक्षण केंद्र वाईट ठरत नाही.

कोसोवोत आरोग्यशिक्षणाला एवढं मोल का, हे १९९० च्या दशकाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा कोसोवोवर सत्ता असलेल्या बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या, राजवटीने तिथल्या बहुसंख्य अल्बेनियन समाजातल्या डॉक्टर-नर्सना सरकारी दवाखान्यांतून काढलं, तेव्हा लोकांनी मदर तेरेसांच्या नावाची संस्था काढून आपले दवाखाने चालवले. वर्ग घराघरांत भरायचे. मग १९९८-९९ चं युद्ध झालं आणि २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं. एक अख्खी पिढी धड प्रयोगशाळेशिवाय शिकली. तिथे शिकवणाऱ्यांची नवी फळी तयार करणं म्हणजे देशाचा पाया घालणं आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

"मग त्याच पैशातून नर्सना पगार द्या, थांबतील," वकील म्हणाला.

"परक्या सरकारने पगार दिला, तर आपल्या मंत्र्याला जाब कोण विचारणार?" मास्तरांचं हे बोलणं मला पटलं.

तोवर गप्प असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "जाणाऱ्या पोरींना दोष देऊ नका. २०१६ पासून जर्मनीने पश्चिम बाल्कनच्या, म्हणजे कोसोवोसारख्या देशांच्या, लोकांना नोकरीसाठी वेगळी वाट करून दिली आहे. त्या जे पैसे घरी पाठवतात, त्यावर घरं चालतात. लक्झेंबर्गचे दवाखाने तरी कुणावर चालतात? सीमेपलीकडून रोज येणाऱ्या फ्रेंच, बेल्जियन नर्सवर बऱ्याच अंशी. आणि आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाच की. त्यात नर्सही आहेत."

माझं म्हणणं एवढंच की, ज्या देशाला तयार नर्स मिळते, त्याने तिच्या शिक्षणाचा खर्च फेरिझायला भरून द्यावा. एक नर्स नेली, तर आणखी एकीच्या शिक्षणाचे पैसे द्यावेत. लक्झेंबर्ग युरोपीय संघात बसतो, त्याने हा आग्रह तिथे धरावा. नुसतं केंद्र बांधून त्याची जबाबदारी संपत नाही.

"जर्मनी का ऐकेल?" वकील.

"शिकवणाऱ्यांचे पगारही त्या हिशेबात धरा," सिस्टर म्हणाल्या. "अनुभवी बायका आधी जातात. मग नवीन पोरींना शिकवायला उरतं कोण?"