कचरा काढून कम्प्युटर पळत नसतो

गेल्या रविवारी सकाळी डोंबिवलीहून मामांचा फोन. "अरे, सोसायटीची नोटीस उघडतोय तर नुसती रोमन अक्षरं दिसतायत. टाकीची सफाई कधी आहे तेच मला वाचता येत नाहीये, लोकांना काय सांगू?"

मामा सोसायटीचे सेक्रेटरी. नोटिसा, मेंटेनन्सच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं सगळं त्यांच्या लॅपटॉपवर, आणि तेही युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळण्याच्या, आधीच्या जमान्यातल्या एका मराठी फाँटात. त्या फाँटांत 'क' हे आतून कुठलं तरी रोमन अक्षरच असतं, फक्त त्याला मराठी कपडे घातलेले असतात. फाँट गेला की कपडे उतरतात. आता हा फाँट गेला कसा, ते बघायला ठाण्याहून लोकल पकडून गेलो, आणि मामांनी मोठ्या अभिमानाने तो फॉरवर्ड दाखवला.

"दुकानदार हे ७ उपाय तुम्हाला कधीच सांगणार नाहीत! जुना कम्प्युटर रॉकेटसारखा पळेल!" डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश मारा. टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रोज रिकामे करा. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसर वाढवा. पेनड्राइव्हची रॅम करा. रोज डीफ्रॅग करा. रजिस्ट्री क्लीनरने कचरा काढा. विंडोज अपडेट आणि डिफेंडर कायमचे बंद करा. आणि अर्थात, दहा ग्रुपांवर पाठवा. मामांनी सातही उपाय केले होते, वर दहा ग्रुपांवर पाठवलंही होतं. आमच्या घरच्या ग्रुपवरही ते आलं होतं. मी न वाचता वर सरकवलं, ही माझी चूक.

रिफ्रेशबद्दल काय बोलायचं! एफ ५ दाबल्यावर डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस्स. रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीतला प्रोसेसरचा आकडा हा वाढवण्यासाठी नाहीच, तो कमी करण्यासाठी आहे. कमी प्रोसेसरवर आपला प्रोग्रॅम चालतो का हे तपासणाऱ्यांची ती सोय. खूण केली नाही तर विंडोज आहेत तेवढे सगळे वापरतं. दोनाचे चार होत नाहीत.

प्रीफेचचा उपाय तर उलटाच. एखादा प्रोग्रॅम उघडताना कुठल्या कुठल्या फाइली लागल्या, याची नोंद विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच काढून ठेवता येतात. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. ती रोज पुसायची म्हणजे स्वयंपाकीण बाईंना रोज नव्याने सांगायचं की तिखट कुठे आणि मीठ कुठे.

टेम्पचं, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचं, अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर कम्प्युटर रडतोच. पण मामांची १ टीबीची हार्ड डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी होती! डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचंही तसंच. जुन्या फिरत्या डिस्कला त्याचा उपयोग होतो, पण ते विंडोज स्वतःच ठरल्या वेळी करतं. एसएसडीला, म्हणजे चिपच्या बिनफिरत्या डिस्कला, रोज करत बसलात तर फुकटची झीज. पेनड्राइव्हची रॅम होत नाही. ज्या सोयीवरून हे निघालं ती, रेडीबूस्ट, २००७ च्या विंडोज व्हिस्टाबरोबर आली, आणि तेव्हाही ती हार्ड डिस्कला हातभार लावणारी होती, रॅमची जागा घेणारी नव्हती.

आता फाँटाचा खुनी. रजिस्ट्री क्लीनर. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रॅमांची सेटिंग्ज जिथे नोंदलेली असतात ती जागा.

मामांनी फुकटातला एक उतरवला. त्याने १,२०० च्या वर "गंभीर दोष" लाल अक्षरांत दाखवले. मामा घाबरले, सगळे दुरुस्त करा म्हणाले. त्या दोषांत "निकामी फाँट" असा एक गट असतो. मराठी फाँटाची नोंद त्यात गेली असणार, कारण फाइल जागेवर होती आणि नोंद नव्हती. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर नोटीस लगेच मराठीत आली.

रजिस्ट्री म्हणजे माळ्यावरची अडगळ नव्हे. ते तलाठ्याचं दप्तर आहे. लाखो नोंदी असतात, आणि विंडोजला हवी ती नोंद तिच्या पत्त्यावरून काढली जाते. पहिल्या पानापासून कोणी वाचत बसत नाही. दप्तरातले चार जुने उतारे फाडले म्हणून तुमचा सातबारा लवकर मिळत नाही. चुकून तुमचाच फाटला तर मात्र बोंब. माझं ऐकू नका, विंडोज ज्यांनी बनवलं त्यांचं ऐका. असल्या क्लीनरना आमचा पाठिंबा नाही, त्यांनी केलेला बिघाड दुरुस्त होईलच याची हमी नाही, विंडोज नव्याने टाकावं लागू शकतं, हे मायक्रोसॉफ्टने आपल्या सपोर्टच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते सातव्या उपायावर, अपडेट आणि डिफेंडर हा विंडोजचा व्हायरसवरचा पहारेकरी बंद करण्यावर. फाँट परत आणता येतो. हे मात्र दार उघडं टाकून गावाला जाण्यासारखं आहे.

१२ मे २०१७. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. मशीनमधल्या सगळ्या फाइली कुलूपबंद, आणि सोडवायचे ३०० डॉलर. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने आधी! ज्यांनी तो घेतला नव्हता ते अडकले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. तो शिरला वेगळ्या वाटेने, पण पसरायला त्याने इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरलं. मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात तिच्या टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. बंदराची ही गत, तर सोसायटीच्या दहा वर्षांच्या हिशेबाचं काय? मामांकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. आता आहे, पेनड्राइव्हचा खरा उपयोग तो.

हो, अपडेट उतरत असताना लॅपटॉप मंदावतो, हे खरं. मग रात्री चार्जरला लावून चालू ठेवा, कामाचे तास सेटिंगमध्ये सांगून ठेवा. कायमचं बंद कशाला?

मग लॅपटॉप हळू का? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. नुसतं ब्राउझर चालू, आणि डिस्क १०० टक्के. मशीन २०१९ चं, रॅम ४ जीबी, म्हणजे विंडोज ११ ची किमान अट. रॅम पुरली नाही की सगळं ओझं डिस्कवर. आणि डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय सुई हलायचा वेळ वेगळा. असे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरेक निघाले तरी खूप. एसएसडी हजारोंनी काढते, कारण तिच्यात फिरणारं काही नाहीच. माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली तेव्हा चहा ठेवून येण्याइतका वेळ घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उघडायला लागलं. हे कोणताही दुकानदार न विचारता सांगतो, कारण त्यात त्याची विक्री आहे! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एवढंही सुचलं नाही.

मामांना एसएसडी आणि ८ जीबी रॅम पुढच्या रविवारी बसवायची आहे. क्लीनर काढला, अपडेट आणि डिफेंडर चालू केले. जाता जाता टास्क मॅनेजरमध्ये मशीन किती वेळ चालू आहे तो आकडा पाहिला: ४१ दिवस.

"शक्यच नाही," मामा म्हणाले. "मी रोज रात्री शटडाउन करतो."

करतात, खरंच करतात. पण विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. सकाळी लवकर उघडावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवून झोपतं आणि सकाळी तोच उचलतं. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टने. मामांकडे रीस्टार्ट व्हायचा तो फक्त महिन्याच्या अपडेटनंतर, आणि तेच त्यांनी बंद करून ठेवले होते, मोजून ४१ दिवसांपूर्वी.

त्यांच्यासमोर रीस्टार्ट केला. मामांनी डायरी काढून सोमवारच्या पानावर लिहिलं, "रीस्टार्ट". मग चष्मा वर करून विचारलं, "हे दहा ग्रुपांवर पाठवू का?"