चार्टवर कितवा? खड्ड्यात गेला!

गंगापूर रोडवर मिसळ खाताना रॉकचा विषय निघाला, की कोणीतरी पंडित रस्सा भुरकत विचारणारच, "पण नंबर वन कधी गेला होता का तो अल्बम?" झालं! माझी सटकते.

अरे बाबा, एसी/डीसी बँडचा १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' अमेरिकेच्या चार्टवर, म्हणजे दर आठवड्याच्या खपाच्या यादीत, चौथ्या नंबरच्या वर कधी गेलाच नाही. आणि खप? एकट्या अमेरिकेत अडीच कोटींच्या वर! लेड झेपलिनचा चौथा अल्बम तिथे दुसऱ्यावरच अडकला. मग काय, फ्लॉप म्हणायचं? पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' तिथे पहिल्या नंबरावर जेमतेम एक आठवडा होता, पण चार्टवर ९०० हून जास्त आठवडे ठाण मांडून बसला. त्याचं काय करायचं, सांगा ना!

चार्ट सांगतो काय, तर त्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा कोण पुढे. बाकीचे ढ असले तरी पहिला तो पहिलाच! लासलगावात एका दिवशी कांद्याला भाव मिळाला म्हणून शेतकरी करोडपती होतो का?

शिवाय १९९१ पर्यंत हा चार्ट काढणारे बिलबोर्ड मासिकवाले दुकानदारांना विचारून आकडे जमवायचे. दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा! आणि २०१४ मध्ये तर त्यांनी नियमच काढला, गाणी १५०० वेळा स्ट्रीम झाली (ऑनलाइन ऐकली गेली) की एक अल्बम 'विकला' गेला म्हणे. आकडा पुढे बदलला, पण तऱ्हा तीच. कोणी घेतला? कुठे ठेवला?

तरी पंडितांचं पालुपद तेच. "पण नंबर वन..."

गप मिसळ खा रे!